रात्रीच्या जेवणाला शेजारची वाटी

संध्याकाळचे सहा-साडेसहा वाजले की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो आणि त्याला उत्तरही एकच मिळते. ‘रात्री काय करू?’ ‘काहीही कर.’ हे ‘काहीही’ प्रत्यक्षात फार ठरावीक असते. पोळी, बटाट्याची भाजी, वरण-भात, लोणचे. कंटाळा आला तर खिचडी-पापड, आणि फारच कंटाळा आला तर बाहेरून मागवायचे. सोमवारची रात्र आणि गुरुवारची रात्र यांत फरक असतो तो फक्त भाजीच्या फोडींच्या आकाराचा.

हा प्रश्न कंटाळ्याचा आहे असे समजून तो सोडून दिला जातो. खरे तर तो रक्ताच्या तपासणीपर्यंत येऊन पोहोचतो. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात हे रोज दिसते. पन्नाशीतला नवरा मधुमेहाच्या रांगेत उभा असतो आणि त्याची बायको थकवा, धाप, चक्कर म्हणून दुसऱ्या रांगेत. त्याची साखर वाढलेली, तिचे हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलेले. दोघे एकाच पातेल्यातले जेवतात. त्याला एक छापील आहारतक्ता मिळतो, तिला दुसरा, आणि दोन्ही तक्ते घरी गेल्यावर फ्रिजवर चिकटवले जातात किंवा रेशनकार्डाच्या पिशवीत जातात. पातेले तेच राहते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे 54 टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण 48 टक्के होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. रक्त कमी असणे हा गरिबीचा आजार आणि साखर वाढणे हा सुबत्तेचा, ही जुनी विभागणी आता एका घरातही टिकत नाही. दोन्हींच्या मुळाशी अनेक कारणे आहेत, पण त्यांतले एक समान आहे. ताटात धान्य फार आणि बाकीचे सगळे थोडे.

हे मोजण्याची एक सोपी पट्टी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2016 साली स्त्रियांच्या आहारातील किमान विविधता मोजण्याची रीत ठरवून दिली. त्यात अन्नाचे दहा गट केले आहेत: धान्ये आणि पिठूळ कंद, डाळी-कडधान्ये, दाणे आणि तेलबिया, दूध-दही-ताक, मांस-मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, लाल भोपळा, गाजर, आंबा यांसारखी पिवळी-केशरी फळे आणि भाज्या, इतर भाज्या, इतर फळे. दिवसभरात यांतले निदान पाच गट पोटात गेले तर त्या आहारात सूक्ष्म पोषकद्रव्ये पुरेशी असण्याची शक्यता बरी. पंधरा ग्रॅमपेक्षा कमी खाल्ले तर तो गट धरायचा नाही, म्हणजे वरून भुरभुरलेली कोथिंबीर हिशेबात येत नाही. ही पट्टी मुळात मोठ्या समूहाची पाहणी करण्यासाठी आहे, एका व्यक्तीचे निदान करण्यासाठी नव्हे. पण आरसा म्हणून ती घरात वापरायला हरकत नाही.

आता ते नेहमीचे ताट तिच्यावर ठेवून पाहावे. पोळी हा धान्याचा गट. भातही त्याच गटात. बटाटासुद्धा त्याच गटात, कारण तो पिठूळ कंद आहे. वरण हा दुसरा गट. पापड, लोणचे यांचा गट नाही. म्हणजे ताटात पाच-सहा पदार्थ दिसतात आणि गट भरतात दोन. बटाट्याऐवजी फ्लॉवर घेतला तर तीन. ताट भरलेले दिसते, पोट भरते, आणि नेमके हेच फसवे आहे.

त्यावर नेहमीचा आक्षेप असा की आपल्या आजी-पणजीही हेच खात होत्या. तर तसे नव्हते. त्या काळाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. 1972 च्या दुष्काळात सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढलेली माणसे आजही बाह्यरुग्ण विभागात येतात आणि त्यांना त्या दिवसांबद्दल काही हळवे वाटत नाही. पण ज्या घरात खायला होते, तिथे ताट ऋतूप्रमाणे आणि गावाप्रमाणे बदलत होते. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी. थंडीत चाकवत, हरभऱ्याची भाजी, वालपापडी, बाजरी. उन्हाळ्यात भाजी मिळेनाशी झाली की कडधान्ये, सांडगे, पिठले. आता बाराही महिने बटाटा, फ्लॉवर, टोमॅटो मिळतात, ही सोय आहेच. त्या सोयीने ऋतू स्वयंपाकघराबाहेर गेला. गहू-तांदूळ स्वस्त धान्य दुकानातून येऊ लागले, त्यामुळे उपासमार टळली. त्याचे मोल डॉक्टरांनी तरी विसरू नये. मात्र त्याबरोबर ज्वारी-बाजरीची जागा आक्रसली, आणि आता शहरात चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग पडते. ‘ज्वारी खा’ असे चिठ्ठीवर लिहिताना समोरच्याच्या खिशाचा विचार करावा लागतो.

मग करायचे काय? इथे वैद्यकीय सल्ला हमखास चुकतो, कारण तो पोषकद्रव्यांच्या भाषेत बोलतो. ‘प्रथिने वाढवा, तंतुमय पदार्थ घ्या, लोहयुक्त आहार ठेवा.’ घरात कुणी लोह शिजवत नाही, भाजी शिजवतात. ज्या बाईला साडेसात वाजता चौघांचे जेवण वाढायचे आहे, तिला ‘लोहयुक्त आहार’ या शब्दांतून काहीही करता येत नाही. ‘चुका-पालकाची गरगटी भाजी कर’ म्हटले तर करता येते. त्यातही ती कशी करायची हे शेजारणीने सांगितले तर ती त्याच आठवड्यात केली जाते. डॉक्टरांनी सांगितलेली ‘पुढच्या महिन्यापासून’ केली जाते.

गरगटी भाजी हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. सोलापूर-मराठवाड्याकडे ती नेहमीची, पुण्या-मुंबईच्या कित्येक घरांत माहीतही नाही. चौघांसाठी पाऊण वाटी तूरडाळ आणि अर्धी वाटी कच्चे शेंगदाणे. दाणे दोन तास भिजवून डाळीबरोबर कुकरला लावायचे. पालकाची एक जुडी आणि चुक्याची अर्धी, धुऊन चिरून वेगळ्या भांड्यात, पण त्याच कुकरमध्ये. वेगळ्या भांड्यात अशासाठी की चुका आंबट असतो आणि आंबटात डाळ लवकर शिजत नाही. अनुभवी हातांना हे ठाऊक असते, नवख्याला डाळ कच्ची का राहिली ते कळत नाही. शिजल्यावर पाला आणि डाळ पाण्यासकट एकत्र घोटायची, दाणे शक्यतो अख्खे राहू द्यायचे. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, हळद, आणि वरून घोटलेली भाजी. एक उकळी. पाला शिजवलेले पाणी ओतून द्यायचे नाही, हे यातले आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. फोलेट आणि क जीवनसत्त्व त्या पाण्यातच उतरते.

या एका पातेल्यात कडधान्य, तेलबिया आणि गडद पालेभाजी असे तीन गट येतात. सोबत भाकरी किंवा पोळी हा चौथा, वाटीभर ताक हा पाचवा. म्हणजे दिवसभराची किमान मर्यादा एका रात्रीच्या जेवणात पूर्ण झाली, तीही दोन पदार्थ आणि ताक एवढ्यावर. बटाट्याची भाजी, वरण, भात, पोळी हे चार पदार्थ करण्यापेक्षा हे काम कमीच आहे.

कोकणातली कुळथाची पिठी ही अशीच. घाटावर कुळीथ म्हणजे मूतखड्यावरचे औषध एवढीच ओळख उरली आहे, आणि ती ओळख शास्त्रापेक्षा ऐकीव गोष्टींवर अधिक उभी आहे. कुळीथ हे उत्तम कडधान्य आहे; शंभर ग्रॅममध्ये साधारण 22 ग्रॅम प्रथिने. भाजून दळलेले पीठ डब्यात असले की पिठी पंधरा मिनिटांत होते. तेलात लसूण, मिरची, हिंगाची फोडणी, पाणी, दोन-तीन आमसुले, मीठ, आणि पाण्यात कालवलेले पीठ ढवळत ढवळत ओतायचे म्हणजे गुठळ्या होत नाहीत. वरून थोडे ओले खोबरे. इथे हिशेबाची एक गोष्ट सांगायला हवी. चौघांना अर्धी वाटी पीठ घेऊन पातळ पिठी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन ग्रॅम प्रथिने येतात. भात मात्र त्या पातळ पिठीबरोबर भरपूर जातो. मधुमेह्याच्या घरी पिठी दाट करावी, पीठ वाटीभर घ्यावे आणि भात मोजून वाढावा. देशावर याच कुळथाला हुलगा म्हणतात आणि त्याचे शेंगोळे करतात. ते एका वाडग्यात रात्रीचे जेवण होतात, वेगळी पोळीही लागत नाही.

अशी नावे जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. विदर्भातली पातोडी, खानदेशातली कळण्याची भाकरी, मराठवाड्यातली येसराची आमटी, आगरी-कोळी घरांतले वांग्यात घातलेले सुकट, गोव्याकडच्या मुगागाठी, सीकेपी घरांतले वालाचे बिरडे. यांतला कुठलाही पदार्थ त्या त्या घरात नवलाईचा नाही, आणि म्हणूनच तो शेजारी कुणी सांगत नाही. ‘आमचे साधेच असते’ म्हणून तो झाकला जातो. पाहुणे आले की हीच घरे पनीर करतात. आपल्याकडच्या रोजच्या जेवणाची ही लाज फार नुकसान करते. ज्याला एक घर साधे म्हणते ते दुसऱ्या घराच्या ताटात नसलेला सहावा किंवा सातवा गट असतो.

पूर्वी चाळीत, वाड्यात ही देवघेव आपोआप होई. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही हा रिवाज होता, त्यामुळे वाटीतून चव जायची आणि चव आवडली की कृती विचारली जायची. फ्लॅटचे दार बंद झाले तशी वाटी थांबली. तिची जागा मोबाइलवरच्या पाककृतींनी घेतली आहे. त्या वाईटच असतात असे नाही, पण त्यांतल्या बऱ्याच डोळ्यांसाठी केलेल्या असतात. लोण्याचा तुकडा वितळताना चांगला दिसतो, चीजची तार चांगली दिसते. गरगटी भाजी दिसायला हिरवट चिखल. शिवाय तिथे ‘हेल्दी’ हे विशेषण कशालाही लागते. ओट्सची बिस्किटे, गूळ घातलेला केक, नाचणीचे चिप्स. गुळाने साखर वाढत नाही असे मानणारे रुग्ण अजूनही रोज भेटतात. शेजारणीच्या वाटीला निदान एक परीक्षा पार करावी लागलेली असते: ती तिच्या घरात वर्षानुवर्षे, तिच्या पैशात, तिच्या वेळात केली गेलेली असते आणि घरातल्यांनी खाल्लेली असते.

मात्र कृती देताना माप द्यावे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 साली आले आणि घरोघरी गेले, त्याचे एक कारण त्यातले वाटी-चमच्याचे माप हे होते. ‘चवीनुसार मीठ’ आणि ‘अंदाजाने तेल’ हे शब्द रक्तदाबाच्या रुग्णाच्या घरात धोक्याचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही सकाळ-संध्याकाळचा नाश्ता, जेवण, लोणचे, पापड, फरसाण सगळे मिळून. चौघांच्या भाजीत दोन चमचे मीठ घालणाऱ्या घराने हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. सुकट वापरणाऱ्यांनी ते दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावे आणि वेगळे मीठ घालण्याआधी चव पाहावी.

भाकरीविषयीही एक गैरसमज दूर व्हायला हवा. पोळीच्या जागी भाकरी आणली की साखर उतरते, अशी समजूत झाली आहे. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हापासून तर ज्वारी-नाचणीला औषधाचा दर्जा मिळाला. नाचणीत कॅल्शियम अधिक आहे, हे खरे. पण दोन जाड भाकऱ्या म्हणजेही पिष्टच. सरासरी भारतीय माणसाच्या आहारातली सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असे अलीकडच्या पाहणीत दिसले आहे. एक पीठ काढून दुसरे आणण्याने त्यात फारसा फरक पडत नाही. धान्य थोडे उतरवून त्या जागी डाळ, कडधान्य, दही, अंडे, मासे आले तर पडतो. म्हणून नव्या पाककृती आणताना धान्याच्या नव्या प्रकारांपेक्षा कडधान्यांच्या आणि पालेभाज्यांच्या कृती मागून आणाव्यात. मधुमेह्याने वरणफळे खाल्ली तर त्या रात्री वेगळा भात आणि पोळी नको. बाजूला कोशिंबीर आणि वाटीभर उसळ असू द्यावी.

तिच्या हिमोग्लोबिनकडेही परत यायला हवे. आठ-नऊवर आलेले हिमोग्लोबिन भाजीने भरून येत नाही. त्याला कारण शोधावे लागते, पाळीतला रक्तस्राव, जंत, मूळव्याध हे पाहावे लागते आणि लोहाच्या गोळ्या काही महिने घ्याव्याच लागतात. बीट लाल असते म्हणून त्याने रक्त वाढते ही समजूत तर केवळ रंगावर उभी आहे. आहाराचे काम गोळ्यांनी भरलेले पुन्हा ओसरू न देण्याचे. त्यात दोन लहान सवयींचा मोठा वाटा असतो. जेवणात लिंबू, आवळा, पेरू असे काही आंबट असावे, कारण पाल्यातले आणि कडधान्यातले लोह क जीवनसत्त्वासोबत चांगले शोषले जाते. लिंबू शिजताना पिळू नये, ताटात पिळावे. आणि जेवणाला लागून चहा नको. निदान तासभर अंतर ठेवावे. मोड आणणे, भिजवणे, आंबवणे या जुन्या रीतींचाही लोह मिळण्यास हातभार लागतो. आंबट भाजी लोखंडी कढईत केली तर थोडे लोह कढईतूनही उतरते. फक्त ती भाजी रात्रभर कढईत ठेवायची नाही.

पण ती जेवते कधी, हा या सगळ्याआधीचा प्रश्न आहे. गरगटी भाजी तिने केली, सगळ्यांना आवडली, आणि शेवटी पातेल्याच्या तळाशी दोन चमचे उरली, तर तिच्या ताटात पुन्हा पोळी-लोणचेच. भाजीचा हा नवा प्रकार तिच्यासाठी आणलेला असतो आणि तो तिच्यापर्यंतच पोहोचत नाही. म्हणून कृतीत माणसे मोजताना तिला पहिली मोजावी आणि तिची वाटी आधी काढून ठेवावी, किंवा त्याहून सोपे म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसावे.

‘रात्री काय करू’ हा प्रश्न रोज तिनेच का विचारायचा, हेही आहेच. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष 97, असे दिसले. या मिनिटांत नुसता विचार करण्याचा वेळ धरलेला नाही. फ्रिजमध्ये काय उरले आहे, कुणाला काय चालत नाही, उद्याच्या डब्याला काय, हे दिवसभर डोक्यात चालणारे काम कुठल्याच सर्वेक्षणात मावत नाही. ‘काहीही कर’ असे उत्तर देणारा माणूस जेवणाविषयी उदार आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो निर्णय तिच्यावर ढकलतो आणि नाक मुरडण्याचा हक्क स्वतःकडे ठेवतो. निवृत्त पुरुषांना तर या कामात भरपूर वाव आहे. मंडईतून चुक्याची जुडी ओळखून आणणे, ती निवडणे, कार्यालयातल्या जुन्या सहकाऱ्याकडून पातोडीची कृती विचारून घेणे आणि ती स्वतः करून पाहणे, यातले काहीही पन्नाशी-साठीनंतर शिकता येते. मधुमेहाच्या रुग्णाला आपल्या ताटातले पदार्थ शिजवता येत नसतील, तर त्याचा आहार त्याच्या हातात नाही असेच म्हणावे लागेल.

रुग्णालयांनाही करण्यासारखे काही आहे. वॉर्डात दुपारी नातेवाईक डबे उघडतात तेव्हा खाटेखाटेवर चार जिल्ह्यांचे जेवण असते आणि बायका एकमेकींना कृती सांगत असतात. आहारतज्ज्ञांनी छापील तक्ता हातात देण्याऐवजी या गप्पांत दहा मिनिटे बसावे. तुम्ही काल रात्री काय जेवलात, असे विचारून त्यात एक गट कसा वाढवता येईल ते सांगावे. शहरात ओपीडीची गर्दी पाहता डॉक्टरांना एवढा वेळ नसतो हे खरे आहे. एक प्रश्न आणि एका पदार्थाचे नाव, एवढे मात्र दोन मिनिटांतही होते.

शेजारची वाटी प्रत्येकाला चालतेच असे नाही. मूत्रपिंडाचा आजार वाढलेल्या रुग्णांनी कडधान्ये आणि पालेभाज्या किती घ्याव्यात हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, कारण त्यांना पोटॅशियम आणि प्रथिनांचे प्रमाण सांभाळावे लागते. झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा अन्य कारणाने वॉरफेरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर पालेभाजी अचानक वाढवू किंवा बंद करू नये. पाल्यातल्या के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम बदलतो. पाला खायचाच असेल तर दर आठवड्याला साधारण सारखा खावा आणि तपासणीच्या वेळी ते सांगावे. रानभाजी ओळखीच्या माणसाने ओळखून दिली तरच घ्यावी. नुसत्या फोटोवरून खुडू नये. आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या दुधाबरोबर, चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नयेत. रात्रीच्या जेवणात ताक असेल, तर गोळीची वेळ सकाळी ठेवलेली बरी.